दोन पिल्लं, एकच पोट: रांगिरोआच्या डॉल्फिन आईचं प्रकरण

फ्रेंच पॉलिनेशियातल्या तुआमोतू द्वीपसमूहात रांगिरोआ नावाचं प्रचंड मोठं कंकणद्वीप आहे. त्याच्या तिपुता खिंडीपाशी, म्हणजे प्रवाळाच्या कड्यातून समुद्राकडे उघडणाऱ्या वाटेपाशी, बॉटलनोज डॉल्फिनचा एक लहानसा कळप कायम वस्तीला असतो. तिथले अभ्यासक पाठीवरच्या पराच्या खाचा आणि अंगावरचे व्रण बघून या कळपातलं एकेक जनावर ओळखतात. नोव्हेंबर २०१४ मध्ये यातलीच एक ओळखीची मादी दोन तान्ही पिल्लं घेऊन पोहताना दिसली. एक पिल्लू तिचं होतं. दुसरं जेमतेम महिन्याभराचं असावं, आणि ते बॉटलनोजचं नव्हतंच.

पुढची सुमारे तीन वर्षं हे परकं पिल्लू तिच्या अंगाला चिकटून राहिलं. सख्खं पिल्लू दीड वर्षाचं असताना दिसेनासं झालं. परकं मात्र २०१८ पर्यंत, म्हणजे दूध सुटायच्या वयापर्यंत, त्या कळपात टिकलं. पामेला कार्झोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ‘इथॉलॉजी’ या नियतकालिकात हे प्रकरण सविस्तर मांडलं.

मायेची गोष्ट म्हणून ही हकिकत जगभर वाचली गेली. माया त्यात आहेच. पण डॉल्फिनचं पिल्लू मुळात जगतं कसं, हे ज्याला समजून घ्यायचं आहे त्याने यातल्या एका तपशिलावर थांबायला हवं: परकं पिल्लू सख्ख्याला आईच्या पोटाखालून पुन्हा पुन्हा ढकलून बाहेर काढत होतं. तिथे नेमकं काय मिळतं, की ज्यासाठी महिन्याभराच्या पोराने भांडावं? या एका प्रश्नाचा माग काढला, तर डॉल्फिनच्या बाळपणाची पहिली तीन वर्षं डोळ्यांसमोर उभी राहतात.

परकं कशावरून

दुसरं पिल्लू मेलन-हेडेड व्हेलचं नर पिल्लू होतं. नावात व्हेल असली तरी ही जात डॉल्फिनच्याच कुळातली, डेल्फिनिडी. तिची प्रौढ जनावरं अडीच मीटरच्या वर जातात. डोकं बोथट आणि गोलसर, पुढे निघालेली चोच नाही, रंग गडद करडा. बॉटलनोजच्या पिल्लाला आखूड असली तरी स्पष्ट चोच असते. दोघं शेजारी पोहताना हा फरक नजरेत भरतो. राहणीमानातही अंतर मोठं आहे. मेलन-हेडेड व्हेल खोल समुद्रात शेकड्यांच्या कळपाने फिरतात आणि मुख्यतः माकूल खातात. रांगिरोआचे बॉटलनोज खिंडीच्या तोंडाशी, प्रवाळाच्या कडेला दिवस काढतात.

अशा वेळी संकराची शंका येणं साहजिक आहे. डॉल्फिनच्या निरनिराळ्या जातींत संकर होतो. २०१७ मध्ये हवाईतल्या कौआई बेटाजवळ मेलन-हेडेड व्हेल आणि रफ-टूथ्ड डॉल्फिन यांचा संकर सापडला होता. पण इथे आईचं गणितच आड येतं. बॉटलनोज मादी साधारण बारा महिने गाभण असते आणि एका वेळी एकच पिल्लू देते. जुळं राहणं अतिशय दुर्मिळ. काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा विणं तर शक्यच नाही. त्यामुळे एकाच वेळी दोन तान्ही दिसली, की त्यातलं एक दुसऱ्या कुणाचं तरी आहे असं धरूनच पुढे जावं लागतं.

जन्माचा दिवस

सख्ख्या पिल्लाचा जन्म कसा झाला असेल हे कळायला बॉटलनोजची वेण पाहावी लागेल. समुद्रात ती प्रत्यक्ष दिसल्याचे प्रसंग थोडे आहेत. बारीकसारीक माहिती बरीचशी माणसाच्या देखरेखीखालच्या माद्यांकडून मिळाली आहे. तिथे रोज अंगाचं तापमान मोजतात, आणि वेण्याच्या आदल्या दिवशी ते एक अंशाच्या आसपास उतरतं. मादी खाणं कमी करते, शरीराला बाक देते, पोट आवळते.

गर्भाशयात पिल्लू घडी घालून ठेवल्यासारखं असतं. बाहेर येताना बहुधा शेपटीचा पंखा आधी दिसतो. तो दिसल्यापासून पिल्लू मोकळं होईपर्यंत साधारण तास-दोन तास जातात. शेपूट आधी आल्याने पिल्लू बुडत नाही, असं सरसकट सांगितलं जातं. हे तितकंसं बरोबर नाही. डोकं आधी येऊन जन्मलेली पिल्लंही नीट जगलेली आहेत. नाळ तुटेपर्यंत पिल्लाला प्राणवायू आईच्या रक्तातून मिळत असतो. खरा धोका वेण लांबली आणि नाळ मध्येच दाबली गेली तर असतो, मग आधी शेपूट येवो की डोकं.

नाळ पिल्लाच्या पोटाजवळ आपोआप तुटते. पिल्लू साधारण मीटरभर ते सव्वा मीटर लांब आणि १० ते २० किलो वजनाचं. पाठीवरचा पर आणि शेपटीचा पंखा लुळा, दुमडलेला. हा मऊपणा कामाचा असतो, नाहीतर वाटेतच पर अडकला असता. काही तासांपासून काही दिवसांत ते ताठ होतात. वरच्या जबड्यावर मोजके केस असतात, तेही लवकरच गळून जातात. वार नंतर काही तासांनी पडते. ती अडकून राहिली, तर आईला जंतुसंसर्ग होण्याची भीती असते.

पहिला श्वास घ्यायला पिल्लू बहुधा स्वतःच वर झेपावतं. आई खालून साथ देते, पण दरवेळी ढकलून वर नेतेच असं नाही. पहिल्या दिवसांतलं पिल्लू श्वास घेताना बघितलं, तर त्याचं वय लगेच ओळखता येतं. मोठा डॉल्फिन फक्त डोक्यावरचं श्वासरंध्र पाण्याबाहेर काढतो आणि सुळकन खाली जातो. तान्हं अख्खं डोकं बाहेर काढतं आणि हनुवटी पाण्यावर आपटून खाली येतं. किती वर यायचं याचा अंदाज त्याला अजून आलेला नसतो. काही आठवड्यांत हा अंदाज बसतो, आणि मग आई आणि पिल्लू एका क्षणी वर येऊन एका क्षणी खाली जायला लागतात.

अंगावरच्या घड्यांच्या खुणाही वय सांगतात. गर्भात दुमडलेलं असल्याने पिल्लाच्या दोन्ही कुशींवर फिकट उभे पट्टे राहतात. पहिल्या आठवड्यांत ते ठसठशीत दिसतात, मग पुसट होत काही महिन्यांत जातात. एखादं पिल्लू महिन्याभराचं असावं असा अंदाज पाण्यात बांधला जातो तो हे पट्टे, अंगाची लांबी आणि वर येण्याची ढब बघून.

अंगाशी असलेल्या दोन जागा

आता मूळ प्रश्नाकडे. डॉल्फिनला घरटं नाही, बीळ नाही, पिल्लाला धरून ठेवायला हातपाय नाहीत. माकडीण पोराला पोटाशी धरते, मांजर तोंडात उचलते. डॉल्फिनच्या आईकडे यातलं काहीच नाही, आणि तिला थांबूनही चालत नाही. पिल्लाला जन्मल्या मिनिटापासून तिच्या वेगाने जायचं असतं. हे जमतं ते पिल्लाने आईच्या अंगाशी नेमकी जागा पकडल्यामुळे.

पहिली जागा आईच्या कुशीला, पाठीवरच्या पराच्या जरा खाली, अंगाला जवळजवळ टेकून. आई पुढे सरकते तेव्हा तिच्याभोवतीचं पाणीही पुढे ओढलं जातं, आणि दोन शरीरांमधल्या फटीत पाण्याचा दाब कमी होऊन पिल्लू तिच्याकडे खेचलं जातं. डॅनियल वाइस यांनी २००४ मध्ये याचं गणित मांडलं. सेकंदाला सुमारे २.४ मीटर वेगाने जाताना तान्ह्याला लागणाऱ्या जोरापैकी ९० टक्क्यांपर्यंत जोर आईच्या ओढीतून मिळू शकतो, असं त्यांच्या हिशोबात निघालं. हा वरचा आकडा आहे, रोज तेवढा मिळतोच असं नव्हे. पण पिल्लू शेपूट न हलवता आईबरोबर सरकत जाताना डोळ्यांना दिसतं, ते यामुळेच.

आईला हे फुकट पडत नाही. शॉन नोरेन यांनी मोजमाप केलं तेव्हा पिल्लू कुशीला असताना आईचा वेग जवळपास चतुर्थांशाने उतरलेला आढळला, आणि शेपटीच्या एका फटकाऱ्यात कापलेलं अंतरही कमी भरलं. थोडक्यात, डॉल्फिनची आई पिल्लाला अक्षरशः वाहून नेते, फक्त हातांऐवजी पाण्याने.

दुसरी जागा पोटाखाली. पिल्लू आईच्या मागच्या अर्ध्या भागाखाली सरकतं, त्याचं डोकं तिच्या कासेच्या आसपास. ही जागा पहिल्या दिवसांत फारशी वापरली जात नाही. काही आठवड्यांत पिल्लाचं पोहणं सुधारतं, तशी ती नेहमीची होते. इथे ओढ कुशीपेक्षा कमी मिळते, पण बाकी सगळं मिळतं. तोंडापाशी दूध. डोक्यावर आईचं छत. आणि खालून बघणाऱ्या शार्कला दोन वेगवेगळ्या आकृत्यांऐवजी एकच मोठी आकृती दिसते.

रांगिरोआच्या भांडणाची मेख इथे आहे. कुशी दोन आहेत, डावी आणि उजवी. त्यामुळे दोन पिल्लं आईच्या ओढीवर एकाच वेळी चालू शकतात. पोट मात्र एकच. परक्या पिल्लाला कुशीची एक बाजू मोकळी मिळाली असती, तरी दुधाची आणि लपण्याची सोय पोटाखालीच होती. सख्ख्याला ढकलून तिथे शिरणं हा त्याच्यापुरता जगण्यामरण्याचा व्यवहार होता. त्याला दुष्ट ठरवण्यात काही अर्थ नाही; मागे पडलेलं तान्हं खोल समुद्रात फार वेळ टिकत नाही.

दूध

डॉल्फिनची कास बाहेर लोंबत नाही. पोटाच्या मागच्या भागात, जननमार्गाच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक चीर असते आणि तिच्या आत सड. पिल्लू जवळ येऊन तोंडाने ढुशी देतं, आई जरा कलते, पोहण्याचा वेग कमी करते. पिल्लाच्या जिभेच्या कडांना झालर असते. जीभ नळीसारखी वळवून ते सडाभोवती धरतं, म्हणजे खारं पाणी आत शिरत नाही. पान्हा फुटला, की आईच्या कासेवरचे स्नायू आवळले जातात आणि दूध जोराने तोंडात येतं. एक घोट काही सेकंदांचा. पिल्लाने श्वास रोखलेला असतो, त्यामुळे रेंगाळायची मुभा नाही. सुरुवातीला तासाभरात अनेकदा, रात्रंदिवस, असं हे चालतं.

दूध घट्ट असतं. त्यात स्निग्धांश १० ते ३० टक्क्यांपर्यंत, दुधाचे दिवस आणि आईचं खाणं यांनुसार बदलणारा. गाईच्या दुधात तो चारच्या आसपास असतो. साखर मात्र डॉल्फिनच्या दुधात अगदी थोडी. म्हणूनच अनाथ पिल्लाला गाईचं दूध चालत नाही. ते पातळ पडतं आणि त्यातली साखर पचत नाही, जुलाब होऊन पिल्लू आणखी खंगतं. ज्यांनी अशी पिल्लं वाढवली आहेत त्यांना माशांचा लगदा, तेल आणि विशेष पावडर यांचं मिश्रण नळीने, दिवसरात्र ठरावीक अंतराने द्यावं लागतं. तरीही बरीच पिल्लं हाती लागत नाहीत.

पहिल्या दिवसांचा चीक तर बदलून मिळतच नाही. डॉल्फिनच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्यं गर्भापर्यंत फार कमी जातात. ती मुख्यतः चिकातून मिळतात. म्हणून देखरेखीखालच्या वेणीत माणसं घड्याळ लावून बसतात. पिल्लाने पहिलं दूध कधी ओढलं, एकेक घोट किती सेकंदांचा, तासाला किती वेळा. जन्मानंतर चोवीस तास उलटूनही दूध ओढलेलं दिसलं नाही, तर हस्तक्षेपाची तयारी करतात. पहिलटकरणीच्या बाबतीत इथेच जास्त गाडं अडतं. पिल्लू ढुशी देतं आणि आई कलायची ती पुढे निघून जाते, किंवा पिल्लू पोटाऐवजी छातीच्या पराशी, जबड्याशी शोधत राहतं. अनुभवी मादी अशा वेळी स्वतःच अंग फिरवून चीर त्याच्या तोंडासमोर आणते.

रांगिरोआच्या मादीच्या अंगावर परकं पिल्लू पिताना किमान दोनदा पाहिलं गेलं. वरवर ही संख्या छोटी वाटते. पण पाण्याखालून, काही सेकंदांची, चालत्या जनावरांची ही क्रिया प्रत्यक्ष दिसायला नशीबही लागतं. शिवाय महिन्याभराचं पिल्लू मासे पकडू शकत नाही. दुधाशिवाय ते तीन वर्षं सोडाच, तीन आठवडेही जगलं नसतं. दोनदा दिसलेलं पिणं हे रोजच्या पिण्याचं दिसलेलं टोक आहे, असंच आम्ही मानतो.

दूध देणाऱ्या मादीची भूक दीडपट ते दुप्पट वाढते. दोन तोंडांना पाजणाऱ्या मादीवरचा भार किती असेल याची कल्पना यावरून करावी. तिच्या अंगावरची चरबी कमी झाली, तर डोक्यामागे खळगा पडतो. मानेच्या जागी पडलेली अशी खाच अभ्यासक उपासमारीची पहिली खूण मानतात. दोन पिल्लांच्या कुठल्याही प्रकरणात आईचं अंग या जागी दर भेटीला बघायला हवं.

तिने त्याला ठेवून का घेतलं

परक्याचं पिल्लू पळवण्याचे प्रकार डॉल्फिनमध्ये होतात. पिल्लू नसलेली किंवा पिल्लू गमावलेली मादी दुसरीचं तान्हं आपल्याबरोबर ओढून नेते. सहसा ते थोड्या वेळापुरतं असतं. इथे ते बसत नाही. स्वतःचं तान्हं बरोबर असलेली मादी खोल समुद्रातल्या शेकड्यांच्या कळपातून आणखी एक पिल्लू पळवेल, ही शक्यता कमी. पिल्लू कळपापासून तुटलं किंवा त्याची आई मेली, आणि ते दिसेल त्या पहिल्या योग्य अंगाला जाऊन चिकटलं, हे जास्त पटतं.

चिकटणं ही तान्ह्याची उपजत गोष्ट आहे. डॉल्फिनचं पिल्लू पहिल्या दिवसांत जवळून जाणाऱ्या कुठल्याही मोठ्या, सरकत्या शरीरामागे जाऊ लागतं, आणि आईला त्याला परत वळवावं लागतं. म्हणूनच जन्मानंतर बऱ्याच आया इतर डॉल्फिनपासून पिल्लाला काही काळ लांब ठेवतात आणि आपली शिट्टी सतत वाजवत राहतात, जेणेकरून हा आवाज म्हणजे आई हे पिल्लाच्या डोक्यात पक्कं व्हावं.

तिच्या बाजूने बघितलं, तर वेळ जुळून आली होती. ती नुकतीच व्यालेली, पान्हा सुरू, पिल्लाला जवळ घेण्याच्या प्रेरणा ऐन भरात. अशा मादीला अंगाशी येणारं तान्हं दूर लोटणं अवघड जातं. पान्ह्याची ताकद किती असते याचा एक पुरावा आधीपासून आहे. देखरेखीखालच्या, त्या वेळी दुभत्या नसलेल्या माद्यांना अनाथ पिल्लाच्या ढुशांनी दूध सुटल्याची नोंद १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. शिवाय रांगिरोआची ही मादी स्वभावानेच शांत होती. पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांना जवळ येऊ देण्याबद्दल ती ओळखली जायची. स्वभावाचा हा भाग किरकोळ समजू नये. त्याच कळपातली दुसरी एखादी मादी दातांनी ओरखडे काढून त्याला हाकलून मोकळी झाली असती.

जपानच्या मिकुरा बेटाजवळ २०१२ मध्ये एक पिल्लू आईवेगळं झालं, तेव्हा नात्याने काहीही नसलेल्या एका तरुण मादीने त्याला सांभाळलं होतं. पण ते एकाच जातीतलं होतं. जात आणि वंश ओलांडून, वर्षानुवर्षं टिकलेलं रांगिरोआसारखं नातं फार विरळा.

सख्खं पिल्लू

सख्खं पिल्लू दीड वर्षाचं असताना नाहीसं झालं, आणि त्याचं कारण कुणालाही सांगता आलेलं नाही. परक्याने ढकलल्यामुळे ते गेलं असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. आम्ही तो काढणार नाही. ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे इथल्या डॉल्फिनच्या दीर्घ अभ्यासात ४४ टक्के पिल्लं तीन वर्षांची व्हायच्या आत गेली, असं जॅनेट मॅन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये नोंदवलं. शार्क, आजार, जाळी, आईपासून तुटणं, दूध कमी पडणं, अशी कितीतरी कारणं असतात. काही ठिकाणी नर डॉल्फिन पिल्लांना मारतात. स्कॉटलंडच्या मोरी फर्थमधल्या मेलेल्या पिल्लांवर प्रौढ डॉल्फिनच्या दातांच्या खुणा आणि आतल्या जखमा सापडल्याचं १९९८ मध्ये प्रसिद्ध झालं.

तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही. दीड वर्षाचं पिल्लू मासे पकडायला लागलेलं असलं तरी दुधाचा आधार अजून लागतोच. पोटाखालची जागा अर्धीच मिळत असेल, तर अशा पिल्लाला चुकायची सवड थोडी उरते. सोपं वर्ष असतं तर ते निभावलं असतं. कदाचित.

परक्या घरचं शिक्षण

तीन ते सहा महिन्यांच्या सुमाराला बॉटलनोजचं पिल्लू माशांमागे धावू लागतं. पकडून सोडतं, पुन्हा पकडतं, पाण्याच्या पृष्ठभागाशी पोट वर करून लहान माशांचा पाठलाग करतं. सुरुवातीला गिळणं कमी आणि खेळच जास्त. दम टिकवायलाही वेळ लागतो. नवजात पिल्लाच्या स्नायूंतलं मायोग्लोबिन, म्हणजे प्राणवायू साठवणारं द्रव्य, मोठ्यांच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतकं असतं. ते पूर्ण भरायला वर्षं जातात. आई खोल गेली, की पिल्लू वर एकटं थांबतं, आणि अनेक अपघात याच एकटेपणात होतात.

पहिल्या वर्षात पिल्लाची स्वतःची शिट्टी तयार होते. प्रत्येक बॉटलनोजची ही शिट्टी वेगळी असते, आणि नावासारखी आयुष्यभर वापरली जाते. फ्लोरिडातल्या सारासोटा उपसागरात १९ आयांच्या अनेक वर्षांच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पिल्लू बरोबर असताना आई स्वतःची शिट्टी जास्त उंच पट्टीपर्यंत नेते, असं त्यात दिसलं. लेकुरवाळ्या बायका बाळाशी बोलताना आवाज चढवतात, त्याची आठवण यावी असंच हे आहे.

रांगिरोआच्या परक्या पिल्लाने बॉटलनोजचं वागणं जसंच्या तसं उचललं. खिंडीतून बाहेर येणारा प्रवाह समुद्राच्या लाटांना भिडतो तिथे हा कळप लाटांवर स्वार होतो, उड्या मारतो. ते पिल्लू कळपातल्या पोरांबरोबर तेच करत होतं. समवयस्कांनी त्याला खेळात घेतलं. डॉल्फिनच्या पोरांच्या पाठलागात आणि अंग घासण्यातच पुढच्या आयुष्याच्या ओळखी बनतात, म्हणून आईने दूध देण्याइतकंच हे महत्त्वाचं होतं.

पण त्याच्या जातीचं खास शिक्षण त्याला मिळालं नसणार. शेकड्यांच्या कळपात कसं वावरायचं, खोल पाण्यात माकूल कशी धरायची, हे शिकवणारं तिथे कुणी नव्हतं. जे मिळालं ते खिंडीच्या तोंडाशी जगण्याचं शहाणपण.

पाण्यात उतरणाऱ्यांसाठी

फ्रेंच पॉलिनेशियाचा समुद्र २००२ पासून सागरी सस्तन प्राण्यांचं अभयक्षेत्र आहे. तिथे असो की आणखी कुठे, आई-पिल्लाची जोडी दिसली तर पाणबुड्याने तिच्याकडे न जाता थांबावं. दोघांच्या मधून कधीही जाऊ नये. बोट त्यांच्या मागे लावू नये, कारण वेग वाढला की आधी पिल्लाची कुशीची जागा सुटते. आई वारंवार दिशा बदलू लागली, पिल्लू पोटाखालून उडी मारल्यासारखं बाहेर पडून पलीकडच्या कुशीला गेलं, किंवा दोघांच्या दोन श्वासांमधलं अंतर वाढलं, तर ती त्रासल्याची खूण आहे आणि तिथून निघावं.

नोंद ठेवायची असेल, तर फोटोत पाठीवरचा पर दोन्ही बाजूंनी घ्यावा. मग पिल्लाबद्दल चार गोष्टी लिहाव्यात. अंगावरचे उभे पट्टे दिसतात का. ते कुशीला आहे की पोटाखाली, आणि कोणत्या बाजूला. आईपासून किती अंतरावर जातं, आईच्या लांबीच्या मापात. दूध ओढलं तर किती सेकंद. दोन पिल्लं एका आईजवळ दिसली, तर कोण कुणाला हलवतं हे आवर्जून टिपावं. रांगिरोआची उकल अशाच टिपणांतून झाली.

दूध सुटताना

बॉटलनोजचं पिल्लू आईबरोबर साधारण तीन ते सहा वर्षं राहतं. दूध कधी तोडायचं याची ठरलेली तारीख नसते. आई पिल्लाला पोटाखालून हळूहळू दूर ठेवू लागते, ढुशी दिली तर अंग वळवून घेते, वेगाने पुढे निघून जाते. पुन्हा गाभण राहिली, की हे झपाट्याने होतं. पिल्लू तिच्यापासून दूर जास्त वेळ काढायला लागतं, स्वतः पकडलेल्या माशांवर भागवायला लागतं, आणि समवयस्कांच्या टोळीत मिसळतं. मादी पिल्लं बहुधा आईच्या ओळखीच्या माद्यांभोवती राहतात. नर पुढे एखाद्या जोडीदाराशी पक्की मैत्री करतात.

२०१८ च्या एप्रिलनंतर ते मेलन-हेडेड पिल्लू कळपाबरोबर दिसलं नाही. त्या वयाचं बॉटलनोज पिल्लूही आईच्या पोटाखालून कायमचं बाहेर पडलेलं असतं.